खालची नळी

नामदेव मिस्त्री माझ्याशी बोलताना नेहमी ओरडून बोलायचे. बाकी सगळ्यांशी त्यांचा आवाज इतका खाली असे की समोरच्याला कान पुढे करावा लागे. मी दिसले की मात्र रस्त्याच्या पलीकडून, तोंडाशी हात धरून हाक यायची, “ताई! बरं शे ना?” नव्या माणसाला वाटे, ही बाई कानाने अधू असावी. माझे कान उत्तम आहेत. हे मिस्त्रींनाही ठाऊक होतं. म्हणूनच ते ओरडायचे.

असं का, ते सांगायचं तर मला स्वतःबद्दल थोडं बोलावं लागेल. ते शक्य तितक्या लवकर उरकते.

लग्नानंतर मी नाशिकहून सिल्वासाला आले तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. भातशेतीच्या कडेला पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या आणि दर महिन्याला एखादा नवा भोंगा वाजायला लागे. यजमान एका कारखान्यात होते. मी दुसऱ्या कारखान्यात, धाग्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये लागले. आम्ही राहायचो टोकरखाड्याला, कारखाना सामरवरणीच्या बाजूला. स्टाफची ने-आण करायला कारखान्याची एक जुनी डिझेल व्हॅन होती. तिला सगळे ‘म्हैस’ म्हणत. रंग काळपट, चाल डुलती, आणि पाणी भारी प्यायची. तिचं इंजिन पुढे, ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. हिवाळ्यात आम्ही आपले डबे त्या झाकणावर ठेवत असू. कारखान्यात पोचेपर्यंत भाजी पुन्हा गरम झालेली असायची.

ही म्हैस नामदेव मिस्त्री चालवायचे. तेच तिचे मेकॅनिकही होते.

मूळचे खानदेशातले, पारोळ्याकडचे. अंगाने किरकोळ, खाकी शर्टाचं सगळ्यात वरचं बटणसुद्धा लावलेलं, मे महिन्यातही. सकाळी गाडी सुरू करण्याआधी ते झाकण उघडून रेडिएटरच्या वरच्या नळीला हाताची मागची बाजू लावत, पोराच्या कपाळाला ताप आहे का बघावं तशी. मग वाकून खालच्या नळीला. मग ऑइलची पट्टी काढून उजेडात धरत. “चहा झाला नही ना, बघतो,” म्हणत. ऑइलमध्ये पाणी शिरलं की ते दुधाळ दिसतं, त्याला त्यांच्या भाषेत चहा. फॅन हवा नीट ओढतो की नाही ते बघायला खिशात एक जुनं पोस्टकार्ड असायचं. ते रेडिएटरच्या जाळीसमोर धरायचं आणि सोडायचं. चिकटून राहिलं तर फॅन ठीक, पडलं तर पट्टा ढिला. थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते, पाणी तापलं की उघडणारी. तिची परीक्षा ते घरी, बायकोच्या भाजीच्या पातेल्यात करत. गिरजाबाई शिव्या देत आणि ते चुलीपुढे उकिडवे बसून झडप कधी उघडते ते बघत.

“पानी हारपत नही, ताई,” मला त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तेव्हा आवाज खालचा होता. “कोठे तरी जास. भायेर जास, नही तं आत जास. भायेर गेलं तं डाग दिसस. आत गेलं तं धूर पांढरा येस. आपन फक्त इचारायचं, कोठे चालला भाऊ?”

अपमानाचंही त्यांचं असंच होतं. तोही हरपत नसे. गावात एका शिंप्याने त्यांच्या लग्नाच्या शर्टाच्या बाह्या आखूड शिवल्या होत्या. पंधरा वर्षांत ते त्या गल्लीतून गेले नव्हते. सासूच्या मयतीलाही लांबचा वळसा घालून गेले. मी एकदा म्हटलं, “विसरून जायचं हो मिस्त्री.” तर म्हणाले, “इसरनं म्हंजे माफ करनं. आन माफ कराले मी काय देव शे?”

त्या वेळी मला हसू आलं होतं.

कारखान्याच्या प्रशासनाचे प्रमुख होते सबनीस साहेब, पुण्याचे. पांढरी पँट, पांढरे बूट. ते इंजिनियर नव्हते, पण कोणत्याही यंत्रासमोर उभे राहून “मी टेक्निकल माणूस आहे” असं म्हणत. व्हॅन त्यांच्या अखत्यारीत होती. मिस्त्री तीन आठवडे त्यांच्या मागे लागले होते की पाण्याचा पंप रडतोय. पंपाच्या खालच्या भोकातून थेंब थेंब गळायला लागलं की पंप ‘रडतो’. साहेब म्हणायचे, “बघू.”

एका दुपारी आम्ही वापीहून येत होतो. पुढे मिस्त्री, शेजारी सबनीस साहेब, मागे मुंबई ऑफिसचे दोन पाहुणे. साहेबांच्या बरोबर पाठीमागच्या सीटवर लॅबच्या बाटल्या मांडीवर घेऊन मी. मिस्त्री म्हणाले, “साहेब, काटा वर गेला. थांबू. पानी बघू द्या.”

“मीटर खराब आहे. चालव.”

“साहेब, पंप...”

“चालव म्हटलं ना! पाहुणे बसलेत.”

मिस्त्रींनी चालवली. दोन-अडीच किलोमीटर गेलो असू. आधी करपलेला वास आला, मग झाकणाखालून हातोडी मारल्यासारखा आवाज, आणि मग एकदम शांतता. इंजिन जाम झालं होतं.

चौकशी झाली. साहेबांनी लिहून दिलं की ड्रायव्हरने पाणी न बघता गाडी काढली. पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं. राहिले मी. मला कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. मिस्त्री दाराशी उभे होते, सबनीस खुर्चीत. माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने बाकी होते, आणि तो कागद सबनीसांच्या सहीने जायचा होता.

मी म्हटलं, “गाडीत आवाज फार असतो. मला ऐकू आलं नाही.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. इंजिनात नवा आवाज आला की ते मान तिरकी करून ऐकत, तसं पाहिलं.

नंतर त्यांच्यापुढे इंग्रजीत टाइप केलेला कागद ठेवला गेला. त्यांनी विचारलं, “काय लिव्हलंय, साहेब?” सबनीस म्हणाले, “नेहमीचंच असतं. कर सही.” मिस्त्रींनी केली. त्यात लिहिलं होतं की चूक त्यांचीच आहे आणि ती त्यांना मान्य आहे; त्यावरच त्यांना कामावरून काढलं. त्या दिवसापासून मिस्त्रींनी सबनीसांचं नाव घेतलं नाही. ‘सहीवाला’ म्हणत. आणि माझ्याशी ओरडून बोलायला लागले.

त्यांना वाटलं असतं तर ते पारोळ्याला परत गेले असते. वापीतही त्यांना कोणीही कामावर घेतलं असतं. पण त्यांनी आमच्या कारखान्याच्या रस्त्यावर, सामरवरणीच्या वळणावर चार बांबू आणि सहा पत्रे घालून गॅरेज टाकलं. वळण असं की तिथे प्रत्येक गाडीला हळू व्हावं लागे. सबनीस बसत त्या सीटची खिडकी बरोबर गॅरेजकडे यायची. सकाळी पावणेनऊला व्हॅन तिथून जाई, तेव्हा मिस्त्री हातातलं काम टाकून रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहत. हात मागे, बटण गळ्यापर्यंत. नमस्कार नाही, शिवी नाही. नुसते बघत. पहिले काही दिवस सबनीस बाहेर बघून न बघितल्यासारखं करत. मग ते पेपर उघडून बसायला लागले. आमच्यातले काही हसायचे. मी पलीकडच्या बाजूला बसायला लागले.

व्हॅनला आता नवा ड्रायव्हर होता, सुरंगी गावचा रूपजी. वारली समाजातला, तिशीचा, बायको-मुलं असलेला, कमी बोलणारा आणि चांगला हसणारा. म्हशीचं इंजिन नवं बांधून आलं होतं. सबनीसांनी स्वतः उभं राहून काम करून घेतलं होतं आणि नळ्या, पट्टे सगळं ‘माझ्या देखरेखीखाली’ नवं घातलं होतं. हे ते येताजाता सांगत.

आणि म्हैस पुन्हा तापायला लागली.

मजा अशी की गावात ती तापत नसे. टोकरखाड्याहून कारखान्यापर्यंत काटा अर्ध्यावर. मात्र वापीच्या मोकळ्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला की काटा सरसर वर आणि झाकणाखालून वाफ. थांबा, अर्धा तास निवू द्या, पाणी घाला, की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. वापीचे मेकॅनिक आले. उभ्या गाडीत काहीच सापडेना. त्यांनी थर्मोस्टॅट काढून टाकला. पंप बदलला. रेडिएटर उतरवून साफ केला. हेड उघडून पॅकिंग बदललं. सबनीस प्रत्येक वेळी म्हणत, “आता प्रॉब्लेम सुटला.” पुढच्या फेरीला ते मुंबईच्या साहेबांबरोबर रस्त्याच्या कडेला उन्हात उभे असत.

अशीच एकदा ती मिस्त्रींच्या वळणापाशीच बंद पडली. वापीहून येताना वाफ सोडत कशीबशी तिथवर आली. मी त्या दिवशी गाडीत होते. सबनीस खाली उतरले आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून उभे राहिले. मिस्त्री गॅरेजमधून बाहेर आले. त्यांच्या हातात लोखंडी खुर्ची होती. ती त्यांनी उन्हात, बरोबर साहेबांच्या मागे ठेवली. “बसा, साहेब.” सबनीस बसले नाहीत. मिस्त्रींनी खुर्ची तिथेच ठेवली.

मग इंजिन निवल्यावर पाणी घालून झालं तेव्हा ते रूपजीला म्हणाले, “चालू कर. जरा जोरात दाब.” आणि स्वतः गाडीखाली पाठीवर सरकले. एवढं कोणी केलं नव्हतं. तापलेल्या गाडीखाली, इंजिन गरगरत असताना कोण झोपणार? मिनिटभराने ते बाहेर आले, पाठ झटकली. रूपजीने विचारलं, “काय रं दादा? कळलं काय?”

“जुनी गाडी शे,” मिस्त्री म्हणाले. “चालायचंच. जाय.”

पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता. भुकेल्या माणसाच्या ताटात गरम भाकरी पडावी, तसा झाला होता.

पुढे एका रविवारी मी यजमानांची स्कूटर दाखवायला त्यांच्याकडे गेले. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांनी प्लग साफ करता करता, नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजात, मला सगळं सांगून टाकलं.

“ताई, रेडिएटरच्या बुडातून पंपाकडं जाती ती खालची नळी. पंप तिच्यातून पानी ओढस. जोरात पळाली की जोरात ओढस. म्हनून त्या नळीच्या पोटात तारेची स्प्रिंग लागती, नही तं नळी चपटी व्हस. ऊसाचं चिपाड व्हस तशी. पानी बंद. गाडी थांबली की नळी परत गोल. कोन कसा पकडनार? सहीवाल्यानं नवी नळी घातली, पन बिनास्प्रिंगची. म्हने, नळी ती नळी.”

“मग सांगा ना त्यांना!”

“का सांगू?”

मिस्त्री पुढे म्हणाले, “त्याले रोज जळू दे. हळू हळू. ज्या मुंबईच्या साहेबांसाठी मले थांबू दिलं नही, त्या साहेबांपुढं तो रस्त्यावर उभा राहू दे. मी काही बिघडवलं नही, ताई. मी फक्त बोललो नही. न बोलनं हा काय गुन्हा शे का? तुमालेच इचारतो.”

मग म्हणाले, “तुमाले सांगाले काही हरकत नही. तुम्ही कोनाले सांगत नही.”

त्यांनी माणूस बरोबर ओळखला होता. मी कोणालाही सांगितलं नाही. यजमानांनाही नाही. घरी जाताना मी स्वतःची समजूत घातली की हे प्रकरण त्या दोघांचं आहे, मध्ये आपण कोण.

असे आठ महिने गेले. म्हैस बंद पडली की मिस्त्रींना कुठून तरी कळायचंच. त्या दिवशी ते गिरजाबाईंना गोड करायला लावत. साहेबांच्या कपाळावर आता कायम आठी असायची आणि मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांनी टॅक्सी करायला सुरुवात केली होती. या काळात रूपजी आणि मिस्त्री यांची चांगली दोस्ती झाली, हे सगळ्यात वाईट. रूपजी गॅरेजवर बसायचा. घरचे कंद, काकड्या आणून द्यायचा. मिस्त्री दोनदा सुरंगीला त्याच्या घरी जेवून आले. रूपजीची बायको लक्षी त्यांना ‘भाऊ’ म्हणायची. रूपजी मधूनमधून विचारायचा, “दादा, तू एवढा जाणता, ही का तापते ते नाय कळत?” मिस्त्री म्हणायचे, “बघू.” सबनीसांचाच शब्द. हे त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, कोण जाणे.

मार्चच्या अखेरीस सबनीसांना वापीला दुपारची आगगाडी गाठायची होती. मी त्या दिवशी नव्हते. गाडीत होते त्यांनी सांगितलं ते असं. म्हैस तापली, वाफ निघायला लागली, रूपजीने बाजूला घेतली. म्हणाला, “थांबू या साहेब, निवू दे.” सबनीस घड्याळ बघत होते. म्हणाले, “फडकं घे आणि रेडिएटरचं झाकण उघड. पाणी ओत, निघू.” रूपजी म्हणाला, “नाय साहेब, अंगावर येल.” साहेब म्हणाले, “मला शिकवू नकोस.” रूपजीने फडकं गुंडाळलं आणि झाकण फिरवलं.

उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर, मानेवर आणि छातीवर आलं.

साहेबांनी एका टेम्पोला हात केला आणि रूपजीला त्यातून दवाखान्यात धाडलं. म्हशीला दोर बांधून ट्रकने ओढत आणलं. ती मिस्त्रींच्या वळणावरून गेली तेव्हा ते नेहमीसारखे येऊन उभे राहिले होते. म्हैस बंद पडल्याचं कळताच त्यांनी गिरजाबाईंना शिरा करायला सांगितला होता म्हणे. ड्रायव्हरच्या सीटवर दुसराच माणूस होता. मिस्त्रींनी विचारलं, “रूपजी कोठे?” त्या माणसाने चालत्या गाडीतून सांगितलं.

गिरजाबाईंनी मला पुढे सांगितलं की ते सरळ दवाखान्यात गेले, आत न जाता बाहेरच्या भिंतीशी संध्याकाळपर्यंत बसले, आणि घरी आल्यावर जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी कारखान्यात बातमी फुटली की चौकशी आहे. साहेबांनी लिहून दिलंय की ड्रायव्हर पाणी बघत नव्हता, आणि तापलेलं झाकण त्याने स्वतःच्या मूर्खपणाने उघडलं. कागद टाइप होतोय. इंग्रजीत.

त्याच दुपारी तीन वाजता, पाळी बदलायच्या वेळेला, नामदेव मिस्त्री गेटवर आले. खांद्यावर गोणपाट, हातात पाना आणि चाकू. वॉचमनने अडवलं तर ते गेटच्या मधोमध मांडी घालून बसले. येणारे-जाणारे दोन्ही पाळ्यांचे लोक तुंबले. लक्षीही तिथे होती, कडेवर पोर घेऊन. साहेबांना भेटायला आली होती आणि सकाळपासून तिला कोणी आत सोडलं नव्हतं. गलका ऐकून आमचे मोठे साहेब बाहेर आले, गुजराती गृहस्थ, शांत. त्यांच्या मागे सबनीस. आम्ही लॅबमधले सगळे पायऱ्यांवर.

मिस्त्री उठून म्हणाले, “मोठे साहेब, रूपजीचा कागद करायच्या आधी मले पाच मिनिटं द्या. गाडी का तापती ते दावतो.”

सबनीस म्हणाले, “हा काढून टाकलेला माणूस आहे. याचा काय संबंध?”

मोठे साहेब म्हणाले, “पाँच मिनट ही तो माँग रहा है.”

म्हैस बदामाच्या झाडाखाली उभी होती. मिस्त्रींनी पाणी भरलं, एकाला आत बसवून इंजिन सुरू करायला लावलं, आणि गाडीखाली गोणपाट पसरलं. मग सबनीसांकडे वळून, अगदी अदबीने म्हणाले, “या साहेब. झोपा. तुम्ही टेक्निकल मानूस.”

कोणीतरी हसलं. सबनीस जागचे हलले नाहीत. मोठे साहेब म्हणाले, “जाइए, देखिए.”

दोनशे माणसांसमोर सबनीस साहेब पांढऱ्या पँटीनिशी गोणपाटावर पाठ टेकून गाडीखाली सरकले. मिस्त्री शेजारी उकिडवे बसले आणि आत बसलेल्याला म्हणाले, “दाब.”

इंजिन गरजलं.

“खालची नळी बघा, साहेब. काय व्हयनं?”

गाडीखालून काहीतरी पुटपुट आली.

“मोठ्यानं सांगा. सगळ्यांना आयकू जाऊ द्या.”

“नळी... चपटी होतेय.”

“आजून मोठ्यानं!”

“नळी चपटी होतेय!”

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं. नळी उतरवली, चाकूने उभी चिरली आणि उघडून मोठ्या साहेबांपुढे धरली. “हिच्यात स्प्रिंग पाहिजे. नही. ही कोनी घातली ते सगळ्यांना माहिती शे, ते स्वतःच सांगत फिरत होते.” सबनीस कपडे झटकत उभे होते. त्यांच्या पाठीवर गोणपाटाचा तेलकट चौकोन उमटला होता. मी खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्या भरात मी पायऱ्या उतरून पुढे गेले आणि म्हणाले, “साहेब, पहिल्या वेळी मी गाडीत होते. मिस्त्री थांबू म्हणत होते. सबनीस साहेबच दोनदा म्हणाले, चालव.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिस्त्रीही वळले.

“आता आयकू आलं का, ताई?” ते म्हणाले.

पण मोठ्या साहेबांचं लक्ष नळीवर होतं. ते ती उलटसुलट करून पाहत होते. त्यांनी सहज विचारलं, “तुझे कब से मालूम था ये?”

‘आत्ताच कळलं’ एवढंच म्हणायचं होतं. कोणाला पत्ता लागला असता? फक्त मला. मिस्त्रींनी खाली पाहिलं, मग वर.

“आठ महिने झाले,” ते म्हणाले.

गेटवर एवढी माणसं होती, पण पोर कडेवर घेतलेली एकच बाई पुढे आली. लक्षीने विचारलं, “तुला ठावं होतं? भाऊ, तुला ठावं होतं?”

ती थुंकली नाही, ओरडली नाही. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. मी, तोंडाशी आलेलं एक वाक्य गिळून, पुन्हा पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले.

पुढचं सगळं मिस्त्रींच्या मनासारखं झालं. रूपजीचा कागद फाडला गेला. मोठ्या साहेबांनी जुन्या फायलीतून मिस्त्रींचाही कागद काढून त्यांच्यासमोर फाडला आणि परत कामावर ये म्हणून सांगितलं. ते गेले नाहीत. महिन्याभरात सबनीसांना राजीनामा द्यावा लागला. ते सामान घेऊन टॅक्सीने निघाले त्या सकाळी मिस्त्री धुतलेला शर्ट घालून वळणावर उभे होते. टॅक्सी हळू झाली. मिस्त्रींनी पहिल्यांदाच हात जोडले. सबनीसांनी पेपर उघडला नाही, पण मानही वळवली नाही.

रूपजीच्या मानेची जखम भरून आली. हाताची तीन बोटं मात्र आखडली ती आखडलीच. स्टिअरिंग धरता येईना. कारखान्याने गेटवर बसायचं काम दिलं. त्याने ते चार दिवस केलं आणि सुरंगीला निघून गेला.

त्यानंतर मिस्त्री गॅरेज चालवत राहिले, पण व्हॅन जाताना रस्त्यावर येऊन उभं राहणं बंद झालं. एखादी तापलेली गाडी आली तर काय बिघडलंय ते गिऱ्हाईक उतरायच्या आत सांगून मोकळे होत. कोणी दुरुस्ती न करता निघाला तर त्याच्यामागे धावत जाऊन सांगत. लोक म्हणत, मिस्त्रीचं डोकं फिरलं.

काही वर्षांनी यजमानांची बदली झाली आणि आम्ही नाशिकला परतायचं ठरलं. नव्वदचं दशक तेव्हा नुकतंच लागलं होतं. सिल्वासा सोडण्याआधी रूपजीला एकदा भेटावं असं मला फार वाटायला लागलं. भेटून काय सांगायचं, ते मनाशी शंभरदा म्हणून झालं होतं. मे महिन्यातल्या एका रविवारी मी सुरंगीला गेले. उतरून अर्धा तास चालावं लागलं.

कुडाचं घर, शेणाने सारवलेलं अंगण, भोवती काट्यांचं कुंपण. कुंपणाच्या बाहेर एका दगडावर नामदेव मिस्त्री बसले होते. सायकल शेजारी आडवी. केस पार पांढरे झाले होते. अंगणात, त्यांच्याकडे पाठ करून, रूपजी डाव्या हाताने बांबूच्या कामट्या सोलत होता.

“तुम्ही इथे?” मी विचारलं.

“दर रविवारी येस मी. चार वरीस झाले.”

“मग बाहेर का?”

“आत कोनी बोलावत नही. एकदा पानी ओढायचं इंजन बंद होतं यांचं, म्हनलं मी बघतो. लक्षी म्हनली, हात लावायचा नही.” ते रूपजीच्या पाठीकडे बघत राहिले. “तो एक शब्द बोलत नही. बरोबर करस. मी त्याच्या जागी असतो तं मीही बोललो नसतो. मी तं बसूही दिलं नसतं.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट, आपल्या तोडीचा कारागीर भेटावा तसा मान होता.

रूपजीने मला पाहिलं आणि तो हसला. “आलीस काय ताई? ये, आत ये.” मी कुंपणाच्या आत गेले. लक्षी घरातून तांब्या घेऊन आली. “पी, ताई. उन्हाची आलीस.” ती माझ्यासमोर उभी राहिली, पदराने पोराचं तोंड पुसत. मी तांब्या हातात घेतला. गार होता. कुंपणापलीकडे मिस्त्रींचे ओठ सुकून भेगाळले होते. त्यांना सामरवरणीहून सायकल मारत यायला दोन तास तरी लागले असतील.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य त्यांनी उच्चारलं असतं तर मीही त्या कुंपणाबाहेर असते. नळीचं मला सांगितलं त्या रविवारच्या गोष्टीला साक्षीदार ते एकटेच होते. मी वाट पाहिली. रूपजी आणि लक्षी दोघंही माझ्याकडे हसून बघत होते. ज्यासाठी मी इतक्या लांब आले होते ते शब्द माझ्या तोंडात तयार होते.

मिस्त्रींनी नजर रस्त्याकडे वळवली.

मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायले. रिकामा तांब्या लक्षीच्या हातात देऊन वळले तेव्हा मिस्त्रींनी सायकल उभी केली होती. रूपजीच्या पाठीला “येस मी” म्हणून ते चढाला लागले, सायकल हातात धरून, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.